तिथीची पाऊणपट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी दाराआडच्या खिळ्याला दोन कॅलेंडरं टांगलेली असतात. एक चाँदच्या तारखांचं. रमजान कधी, मोहरम कधी, ईदला किती दिवस राहिले, ते त्यात पाहायचं. दुसरं तिथी-नक्षत्रांचं, मराठी घरात सगळीकडे असतं तसं. नवा पाहुणा आला की त्याची नजर या दुसऱ्या कॅलेंडरवर जरा रेंगाळते. एखादा धीट असला तर विचारतोही, "तुमच्याकडे पंचांग लागतं?" मी म्हणतो, "लागतं ना. भरती पाहावी लागते."

पाहुण्याचं नवल तेवढ्यावर संपत नाही. कारण जाताना त्याला पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेली एक लांबलचक पिवळी नाव दिसते. तिला कयाक म्हणतात. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी सीलच्या कातड्याची बनवलेली ही शिकारीची होडी. आता प्लास्टिकची झाली आणि आपल्याकडच्या किनाऱ्यांवर पर्यटकांच्या करमणुकीला आली. आमची दोन माणसांची आहे. भाच्यानं धंद्यासाठी घेतली होती, धंदा काही चालला नाही, नाव आमच्या पडवीत आली. मी आणि माझी पत्नी, दोघंही पन्नाशी ओलांडलेली, शनिवारी-रविवारी ती टेम्पोवर टाकून सावित्रीच्या खाडीत नेतो. अंगात फुगीर जाकिटं, हातात दोन्हीकडे पातं असलेली वल्ही. काठावरची पोरं ओरडतात, "चाचा, बुडाल!" अजून बुडालो नाही.

या फेऱ्यांतून मला जो इतिहास दिसला तो आज सांगायचा आहे. मी इतिहासकार नव्हे. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा, महाडात राहणारा माणूस आहे. पण काही गोष्टी रस्त्यावरून दिसत नाहीत आणि पाण्यावरून दिसतात, एवढं मी अनुभवानं सांगू शकतो.

सुरुवात मात्र पाण्याच्या रागातून झाली. २०२१ साली २० जुलैला आषाढी एकादशी होती, २१ ला बकरी ईद होती आणि २२ ला महाड पाण्याखाली गेलं. तळियेची दरड कोसळली तीही त्याच दिवशी. आमचं घर तळमजल्यावर. आम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर गेलो, जीव वाचला. पण खाली लाकडी कपाटात माझ्या चाळीस वर्षांच्या वह्या होत्या. छापून आलेल्या कविता कुठंतरी सापडतील. न छापलेल्या त्याच वह्यांत होत्या. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर आत चिखलाचा एक गोळा. पानं वेगळी करायला गेलो की बोटांत लगदा येई. मी तो फावड्यानं भरून रस्त्यावरच्या ढिगाऱ्यावर टाकला. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्यापुढं वह्यांचं दुःख कसं सांगायचं? म्हणून सांगितलं नाही. पण त्यानंतर वर्षभर नदी ओलांडताना मी मान फिरवत असे.

पत्नीचं बालपण म्हाप्रळला तिच्या नानांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे गेलं. म्हाप्रळ हे सावित्रीच्या दक्षिण तीरावरचं, मंडणगड तालुक्यातलं गाव. समोरच्या तीरावर आंबेत. नाना पडावावर तांडेल होते. एकदा माझी चिडचिड ऐकून ती म्हणाली, "त्या दिवशी त्रयोदशी होती. उधाण चढत होतं. पावणेदहाला खाडीच्या तोंडाशी पूर्ण भरती. वरून डोंगराचं पाणी आलं, खालून समुद्रानं दार लावलेलं. नदीनं जायचं कुठं?"

मी चमकलो. त्रयोदशी ठीक, ईदच्या मागंपुढं चंद्र केवढा असतो हे आम्हाला ठाऊकच असतं. पण पावणेदहा?

तेव्हा तिनं मला तो हिशोब शिकवला. कोकणातल्या जुन्या दर्यावर्दींना तो पाठ असायचा. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची; बारानंतर तितक्या तासांनी पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहाला. तेरा पाऊणे पावणेदहा. दुपारची एक आणि रात्रीची एक, अशा दिवसाला दोन भरत्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. खाडीत जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा पोचते, तेवढा वेळ अंदाजानं धरायचा. चाँदची तारीख आणि तिथी यांत एक-दोन दिवसांचा फरक असतो, कारण दोन्ही चंद्राच्याच मोजणीनं चालतात. चौदा-पंधरा तारखेनंतर मात्र तिथी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून नाना तिथीच धरून चालत.

"तुला हे नानांनी शिकवलं?"

"मला कोण शिकवणार? नानांना वाचता येत नव्हतं. रोज सकाळी मला म्हणायचे, कॅलेंडर बघ, तिथी सांग. मी सांगायची. मग ते तोंडानं पाऊणकी म्हणायचे. रोज ऐकून पाठ झालं."

नानांचे मुलगे मुंबईला, जावई बोटीवर. घरात वाचता येणारी ही एकटी. ज्या मुलीला नानांनी पडावावर कधी पाऊल ठेवू दिलं नाही, तिच्याच डोळ्यांनी ते भरती पाहत होते. पडावावर बायकामाणसं नेत नसत. हिच्या माहेरच्या तीन पिढ्यांतले पुरुष पाण्यावर जगले आणि हिनं मात्र म्हाप्रळ ते आंबेत तरीचा प्रवास सोडला तर होडीत बसून खाडी पाहिली नव्हती. भाच्याची कयाक पडून आहे हे कळलं तेव्हा तिनंच विषय काढला. मी म्हटलं, "मला पोहता येत नाही." ती म्हणाली, "मला तरी कुठं येतं? जाकीट आहे ना." २०२२ च्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदा पाण्यात उतरलो. नियम ठरवून घेतले. पावसाळ्यात नाही, वारा उठला की नाही, खाडीच्या मुखाशी नाही, आणि महाडजवळच्या पात्रात नाही, कारण तिथं मगरी आहेत. ओहोटीबरोबर खाली जायचं, किंवा भरतीबरोबर वर यायचं. प्रवाहाविरुद्ध हात दुखवायचे नाहीत.

हे शेवटचं कलम म्हणजे खाडीच्या इतिहासाची किल्लीच आहे, हे मला पुढं कळलं.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. मुखापासून महाडपर्यंत वळणावळणानं पन्नासेक किलोमीटरचं पाणी भरतं. इतक्या आत समुद्राची भरती येते म्हणूनच महाड हे डोंगराच्या पायथ्याचं गाव असूनही बंदर होतं. घाटावरून बैलांच्या पाठीवर माल उतरे, गलबतांत आणि पडावांत चढे. समुद्राकडून मीठ, खजूर, सुकी मासळी, पुढे रॉकेल आणि मंगळुरी कौलं वर येत. महाडजवळ गांधारी आणि सावित्रीच्या संगमापाशी गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची. महामार्गावरून जाताना तुम्ही ती पाहिली असतील आणि भिक्षूंनी एवढ्या आडबाजूला लेणी का खोदली असं मनात आलं असेल. ती आडबाजू नव्हती. व्यापाराचा हमरस्ता पायथ्याशी पाण्यातून जात होता.

त्या रस्त्याचं वेळापत्रक भरती ठरवी. सहा तास वर, सहा तास खाली. भरतीचा जोर सुरू झाला की भरलेला पडाव तिच्याबरोबर वर सरके. ओहोटी लागली की वळणावर नांगर टाकायचा, भात शिजवायचा, नमाज पढायची, झोप काढायची. पुढची भरती आली की पुन्हा नांगर उचलायचा. आम्ही दोघं आज प्लास्टिकच्या नावेत वेळ पाहून निघतो तेव्हा वेगळं काही करत नाही. फरक इतकाच की नांगराऐवजी डब्यातली चपाती-भाजी काढतो आणि भात शिजवत नाही.

पाण्यावरून पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते काठावरच्या जुन्या घरांचं तोंड. गाडीनं या गावांत शिरलं की घरं आडवीतिडवी, कुठं न्हाणीघर रस्त्यावर, कुठं लाकडांची मोळी, असं वाटतं. मला वाटे, आमच्या लोकांना घर बांधायची रीतच नाही. खाडीतून तीच घरं पाहिली आणि लाज वाटली. ओटी पाण्याकडे, दिंडी पाण्याकडे, दारातून निघालेली दगडी पाखाडी थेट धक्क्यावर. मशिदीच्या पायऱ्यासुद्धा पाण्याकडून चढत येतात. घरं नीटच बांधलेली आहेत. रस्ता मागाहून आला तो परसातून. गेली कित्येक वर्षं आपण सगळे या गावांत मागच्या दारानं शिरतो आहोत.

खालच्या अंगाला, बागमांडला आणि वेशवीच्या मध्ये, खाडी इतकी रुंद होते की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. तिथं आता गाड्या नेणारी फेरीबोट चालते. दक्षिणेला टेकडीवर बाणकोटचा किल्ला. आंग्र्यांच्या काळात त्याचं नाव हिंमतगड. १७५५ मध्ये इंग्रजांच्या आरमारानं तो घेतला, १७५६ च्या तहात पेशव्यांनी तो त्यांना रीतसर देऊन टाकला. इंग्रजांनी नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया. पुष्कळांना ते राणीचं नाव वाटतं; पण राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा, नाव साठेक वर्षं आधीचं. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा कारभार आधी या बाणकोटहूनच चालला; १८२२ मध्ये तो रत्नागिरीला गेला आणि बाणकोट मागं पडलं. त्याआधी १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत होळकरांकडून हार झाल्यावर दुसरा बाजीराव पुण्याहून महाडला आला, तिथून सुवर्णदुर्गाकडे गेला आणि समुद्रमार्गे वसईला पोचला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यानं इंग्रजांशी वसईचा तह केला. घाटावरची राज्यं अडचणीत आली की खाडीकडे धावत, असा हा मामला.

बाणकोटशी आणखी एक हकीकत जोडलेली आहे. महाबळेश्वरला गेलेला माणूस ऑर्थर सीट पाहिल्याशिवाय परत येत नाही. त्या कड्यावरून खाली सावित्रीचं खोरं दिसतं. ऑर्थर मॅलेट हा कंपनी सरकारचा अधिकारी. त्या जागी पहिलं घर त्यानं बांधलं म्हणून ते नाव. १८५३ मध्ये याच खाडीच्या मुखाशी बोट बुडून त्याची तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी गेली. बरोबरचे नावाडीही गेले. तो नंतर कड्यावर बसून नदीकडे बघत राही, अशी आख्यायिका आहे. मी ही हकीकत वेशवीच्या धक्क्यावर बसून पत्नीला सांगितली. माझ्या मनात नदीचा उगम आणि मुख यांवर काही ओळी जमू लागल्या होत्या. तिनं शांतपणे विचारलं, "त्या नावाड्यांच्या बायका कुठं बसल्या?"

माझ्या ओळी तिथंच थांबल्या.

या काठावरच्या गावांत तो प्रश्न नवा नाही. पडावांचा धंदा बसू लागला तेव्हा इथली मुसलमान पोरं मुंबईला गेली, डोंगरी-माझगावात आपल्या गावाच्या जमातीच्या खोलीत राहिली आणि परदेशी कंपन्यांच्या बोटींवर लागली. सारंग, टंडेल, खलाशी, बटलर. वर्ष-दीड वर्षानं घरी यायचं, चार महिने राहायचं, पुन्हा बोट धरायची. १९७० नंतर बोटींची जागा आखातानं घेतली. घरांना मजले चढले, काचा लागल्या. बायका मात्र त्याच ओटीवर राहिल्या. पूर्वी शिडाची वाट पाहत, मग पत्राची, मग फोनची. म्हाप्रळच्या धक्क्यापुढून जाताना पत्नीनं वल्हं आडवं ठेवून मला एक ओटी दाखवली. "इथून अम्मी खाडी बघायची. तिथून कसं दिसतं ते मला माहीत होतं. इथून अम्मी कशी दिसत असेल ते आज कळलं." त्या दिवशी नंतर आम्ही फारसं बोललो नाही.

म्हाप्रळ आणि आंबेतला जोडणारा पूल आहे. आंबेत हे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचं गाव. ते १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. पूल झाला आणि तर थांबली. पुलाखालून जाताना वरच्या गाड्यांचा धडधडाट छातीत वाजतो. पूल वाईट असं मी म्हणणार नाही. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला भरतीची वाट पाहणारं गाव कुणालाच नको. पण रस्ते आले तशी खाडीची कुणाला गरज उरली नाही, आणि गरज नसलेल्या गोष्टीचं जे होतं ते तिचं झालं. पूर्वी हातपाटीनं, म्हणजे बुडी मारून पाटी भरून वाळू काढत. मग सक्शन पंप आले. तळ खरवडला गेला, काठ ढासळले, खाजणांचे बांध फुटून भातशेतीत खारं पाणी शिरलं. कारखान्यांचं सांडपाणी आलं. ज्या पाण्याकडे ओटी असते त्यात माणूस घाण टाकत नाही, परसात टाकतो. खाडी आता परस झाली होती.

आता वरच्या टप्प्याकडे, दासगावला जाऊ. महाडच्या अलीकडचं हे जुनं बंदर. आमच्या बऱ्याच फेऱ्या इथूनच सुरू होतात. इथून महाड पाच मैल.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह तुम्हाला माहीत आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्याचं पाणी प्यायलं आणि त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. त्या धुमश्चक्रीत काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरवायचं ठरलं तेव्हा मंडपाला जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. आमच्या मोहल्ल्यात ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पण बाबासाहेब त्या परिषदेला आले कसे, हे मी मोठेपणी चरित्रात वाचलं. ते खाडीनं आले. २४ डिसेंबर १९२७ ला 'पद्मावती' बोटीनं सुमारे दोनशे प्रतिनिधींसह मुंबईहून निघाले, हरिहरेश्वरला उतरले आणि दुसऱ्या दिवशी 'अंबा' या लहान बोटीनं सावित्रीतून दासगावला आले. धरमतरवरून मोटारीनं येणं जवळचं होतं. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर वाटेतच अडकायचं. दासगावहून महाड पायी गाठता येत होतं. म्हणून लांबची वाट धरली. दासगावला हजारो माणसं वाट पाहत होती, तिथून सगळे चालत महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र कोर्टाच्या मनाईमुळे स्थगित ठेवावा लागला, आणि तळं सर्वांना खुलं असल्याचा निकाल हायकोर्टातून यायला १९३७ साल उजाडलं.

दासगावच्या धक्क्यावर नाव पाण्यात लोटताना मी हे सगळं पत्नीला सांगत होतो. बोट दासगावला दुपारी साडेबाराला पोचल्याची नोंद आहे, असंही म्हणालो. ती थांबली.

"तिथी कोणती होती?"

मला कुठून ठाऊक? घरी येऊन शोधलं. २४ डिसेंबर १९२७ ला मार्गशीर्ष अमावास्या होती. म्हणजे २५ ला प्रतिपदा. तिनं हिशोब केला. एक पाऊणे पाऊण. खाडीच्या तोंडाशी पूर्ण भरती पाऊण वाजता, दासगावला त्याहून उशिरा. अमावास्येचं उधाण, म्हणजे पाणी भरपूर. सकाळभर भरती वर चढत होती आणि तिच्याबरोबर 'अंबा' बोट वर येत होती. साडेबाराला दासगावच्या धक्क्याला पाणी लागलेलं, माणसं सुखरूप उतरली, आणि पुढं उतरणाऱ्या पाण्याबरोबर बोट परतीला मोकळी. भांगाचा दिवस असता किंवा ओहोटीची वेळ असती तर खाडीच्या या वरच्या टप्प्यात बोटीला इतकं पाणी मिळालं नसतं.

मी वाचलेल्या पुस्तकांत बोटीचं नाव होतं, वेळ होती, भरतीचा उल्लेख नव्हता. लिहिणाऱ्यांचा दोष नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं सत्याग्रह होता. पण कुणीतरी सुकाणूवर उभं होतं. कुणीतरी पाऊणकी म्हटली होती. चवदार तळ्याच्या गोड्या पाण्यासाठी माणसांना मार खावा लागला. त्या लढ्याला निघालेल्या माणसांना खाडीच्या खाऱ्या पाण्यानं वाट दिली, आणि ती वाट ज्यांना तोंडपाठ होती ते नानांसारखेच कुणी असणार. कॅलेंडर वाचून सांगायला त्यांच्याही घरी एखादी नात असेल.

मी हे बोललो तेव्हा पत्नी म्हणाली, "असणारच. पुरुषांना कुठं वाचता येत होतं?"

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. त्यावरून मोटारी धावू लागल्या, मग एस.टी., मग ट्रक. मुंबई-गोवा रस्ता मोठा होत गेला तसं दासगाव लहान होत गेलं. कोकण किनाऱ्याच्या प्रवासी बोटी पुढं साठेक वर्षं कशाबशा चालल्या आणि मग त्याही बंद झाल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो जुना पूल कोसळला. एस.टी.च्या दोन गाड्या आणि एक खासगी गाडी पाण्यात गेली; चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्या रात्रीही अमावास्या होती, उधाणाचे दिवस. पुराबरोबर आणि ओहोटीबरोबर देह खाडीतून समुद्रापर्यंत गेले. काही हरिहरेश्वरच्या आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागले. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये खुला झाला. लोक कौतुक करतात, करायलाच हवं. मला त्या वेळचं आठवतं ते वेगळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळ्या महाराष्ट्रानं विचारलं की सावित्रीचं पाणी जातं कुठं. खाडीकाठच्या म्हाताऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं. बाणकोटपर्यंतची कुठली गावं, कुठली वळणं, कुठं पाणी फिरून काठाला लागतं, हे ते सांगत होते.

आता वह्यांचं. त्या गेल्या त्या गेल्याच. पूर आला तेव्हा मला वाटलं होतं की नदीनं मला लुटलं. आता तिच्यावरचा माझा राग गेला आहे. ती गोड झाली म्हणून नव्हे. ती २०२१ सारखी पुन्हा येऊ शकते, आणि पात्रातला गाळ उपसला, काठ सोडले, तिची जागा तिला ठेवली तरच तिचा जोर कमी राहील, हे मला कळतं. राग गेला तो तिची वेळ कळली म्हणून. ज्याची वेळ कळते त्याच्याशी जुळवून घेता येतं. आमच्या बापजाद्यांनी तेच केलं. त्यांच्या ओट्या पाण्याकडे होत्या याचा अर्थ पुराचं भय नव्हतं असा नाही. समोर असलेल्या गोष्टीवर माणूस लक्ष ठेवतो.

हल्ली मोबाइलमध्ये भरतीची वेळ मिनिटासकट मिळते. भाचा ती पाहून सांगतो. नानांचा हिशोब आणि मोबाइल यांत कधी वीस मिनिटांचा, कधी अर्ध्या तासाचा फरक पडतो. तसा पडला की आमची ही मोबाइलला चूक म्हणते. भाच्याची आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे येते, तिला पाढे येतात, पाऊणकी शाळेत शिकवत नाहीत. गेल्या महिन्यापासून तिला ती पाठ करायला लावली आहे. कविता मी पुन्हा लिहू लागलो आहे. वही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो.

परवाच्या शनिवारी दाराआडून आवाज आला, "दादी, रविवारी पंचमी आहे."

स्वयंपाकघरातून उत्तर गेलं, "मग पाऊणकी म्हण."

"पाच पाऊणे पावणेचार."

"आणि दासगावला?"

पोरगी गप्प झाली. मग म्हणाली, "अजून थोडं उशिरा."

हिनं तिला सांगितलं, येत्या हिवाळ्यात मधल्या जागेवर तुला बसवू. जाकीट मात्र लहान मापाचं आणावं लागेल.